खोका क्रमांक ३७

"संसार किती आहे?" हा प्रश्न मला आजवर कोणी घनमीटरमध्ये विचारला नव्हता. परदेशी बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा शिपिंगवाल्याने फोनवर विचारला आणि मी बेधडक सांगून टाकलं, "फारसं काही नाही हो." पगार आणि सामान, या दोन बाबतींत माणूस कधी खरा आकडा सांगत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर माल मावतो, आमचा १४ भरला. म्हणजे अख्खा कंटेनर घ्यावा एवढे आम्ही मोठे नाही, आणि विमानाने पाठवावं एवढे सुटसुटीतही नाही. सबब आमचा संसार चार अनोळखी संसारांना खेटून, जनरलच्या डब्यात बसल्यासारखा निघणार होता. त्यातल्या एकाच्या सामानाची तपासणी निघाली की बाकीचेही खोळंबू शकतात, हे एजंटने सही झाल्यावर सांगितलं. तो एक कोण असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग पॅकिंग लिस्ट. खोक्याचा नंबर, आत काय, किती नग, अंदाजे किंमत. घरगुती सामानावर ड्युटीची सवलत बहुतेक ठिकाणी वापरलेल्या वस्तूंनाच मिळते, त्यामुळे प्रत्येक ओळीत "जुने, वापरलेले" लिहायचं. जन्मभर रिमोटवरचं प्लास्टिक न काढणारे आम्ही, आता शपथेवर सांगत होतो की आमच्याकडे नवीन असं काही नाहीच. नवी कोरी इस्त्री तेवढी आडवी आली. "थोडी जाळून जुनी करूया का?" असं मी म्हणालो. ही नुसती बघत राहिली. इस्त्री नवीन म्हणूनच लिहिली.

कस्टम्सच्या जगात प्रत्येक वस्तूला कोड असतो. १९८८ पासून बहुतेक देश एकच यादी वापरतात. छत्री ६६०१, झाडू ९६०३, गादी ९४०४. कुलूप ८३०१, आणि त्याची किल्लीही ८३०१ मध्येच. पण कोणत्या कुलपाची हेच माहीत नसलेल्या किल्लीचं काय? तशा किल्ल्या आमच्याकडे एक डबाभर होत्या. शिवाय मेलेल्या फोनांचे चार्जर, कशाला लागतात ते कोणालाच न आठवणाऱ्या वायरी, एका पायाचा मोजा. हे सगळं मी खोका क्रमांक ३७ मध्ये कोंबलं, वर "किरकोळ" लिहिलं आणि किंमत प्रामाणिकपणे शून्य टाकली.

बोट लागली. पाचव्या दिवशी एजंटचा फोन. "साहेब, एक छोटंसं काम आहे." एजंटचं छोटंसं काम आणि डॉक्टरचं "थोडंसं दुखेल", दोन्ही एकाच जातीची.

पहिली अडचण आजोबांच्या आरशाची. त्याच्यासाठी मी घरच्या फळ्या ठोकून पेटी केली होती, आणि तिचा मला अभिमान होता. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगचं लाकूड सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, म्हणजे कीड देश बदलत नाही. तसा गव्हाच्या ओंबीचा शिक्का लाकडावर हवा. माझ्या फळ्यांवर फक्त माझ्या अंगठ्याचं रक्त होतं. आरसा आत आला, पेटी नष्ट करायला गेली.

दुसरी अडचण ३७. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवलं. "किंमत शून्य?"

"हो. अगदी निरुपयोगी आहे सगळं."

"मग समुद्रापलीकडे कशासाठी आणलंत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामान बांधताना हिनेही शब्दशः हेच विचारलं होतं, तेव्हाही नव्हतं. बंदरातले बिनभाड्याचे दिवस संपत आले होते, पुढे रोजचं डेमरेज, म्हणजे उशिराचं भाडं, चढणार, आणि मी डोकं खाजवत उभा.

"बरं, ही ट्रंक उघडा," तो म्हणाला. लोखंडी ट्रंक, कुलूपबंद. मी हिच्याकडे पाहिलं. हिने जमिनीकडे पाहिलं. "अहो, हरवू नये म्हणून मी ती किल्ली तुमच्या डब्यात टाकली होती."

३७ चा टेप फाडला. अधिकाऱ्याने हातमोजे चढवले आणि डबा टेबलावर उपडा केला. आम्ही तिघं मिळून एकेक किल्ली लावत होतो. नाही. नाही. ही अर्धी जाते. ही गंजलीय. पंचवीस-तीस झाल्यावर तर तो खुर्ची ओढून बसलाच, आणि मी घाई केली की "थांबा, उलटी धरलीत" असं म्हणायला लागला. चाळिसाव्याच्या आसपास खट्ट वाजलं. ट्रंकेत पडदे होते. जुने, वापरलेले.

त्याने शिक्का मारला. मग किल्ल्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "आता या बाकीच्या टाकून द्या ना."

मी काही बोलणार, तेवढ्यात हिने ढीग ओंजळीने ओढून डब्यात भरला, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "असू द्या हो. लागते कधीतरी."