एसएसबीवाला सीबी घ्या म्हणे, पुरात कामाला येतो!

आमच्या दाजींचं गाव शिरोळ तालुक्यात. २०१९ ला पाणी घरात, २०२१ ला परत तेच, त्यामुळं पंचगंगा जरा चढली की ते कुठल्याही फॉरवर्डवर विश्वास ठेवतात. यंदाचा फॉरवर्ड असा: "पुरात मोबाईल बंद पडतो, म्हणून घरटी एक एसएसबी सीबी रेडिओ पाहिजेच. लायसन लागत नाही, ४० चॅनेल, १२ वॅट, २०० किलोमीटर रेंज, ३६ ते ४० चॅनेलवर कायम कोणतरी ऐकत असतंच." खाली खरेदीची लिंक. (सीबी म्हणजे सिटिझन बँड, सामान्य लोकांनी आपसात बोलायचा बिनतारी रेडिओ. एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड: रेडिओलहरीच्या दोन्ही बाजूंना आवाज असतो, ते साइडबँड, त्यातला एकच पाठवायची पद्धत.) दाजींनी सेट कार्टात टाकला आणि मला विचारतायत, पैसे भरू काय?

नका भरू.

लायसनचं अर्धं खरंय, ते देऊन टाकतो. केंद्र सरकारच्या २००५ च्या नियमांनी सिटिझन बँड लायसनमधनं मोकळा केलाय. पण कुठपर्यंत ते कोण वाचणार? २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ताकद जास्तीत जास्त ५ वॅट, बास. आता अमेरिकन ४० चॅनेलचा तक्ता शेजारी ठेवा. २७ वा चॅनेल २७.२७५ वर आणि २८ वा २७.२८५ वर, म्हणजे २८ पासनं ४० पर्यंत सगळे चॅनेल आपल्या हद्दीबाहेर. ज्या ३६ ते ४० चं एवढं कौतुक चाललंय ते २७.३६५ ते २७.४०५. तिकडं अमेरिकेत एसएसबीवाले तिथंच जमतात, लोअर साइडबँड लावून, हे बरोबर आहे. १२ वॅट पीक, म्हणजे क्षणभराची जास्तीत जास्त ताकद, ही पण तिकडचीच मर्यादा. तिकडची माहिती उचलली, मराठी केली, शिरोळला पाठवली, झालं.

आणि "कोणतरी ऐकत असतंच" ह्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. कोण ऐकतंय? कुरुंदवाडात कोण बसलंय २७ मेगाहर्ट्झ लावून? पोलिसांचा वायरलेस वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, वेगळ्या परवानगीवर चालतो, बोट घेऊन येणारा माणूस तुमचा सीबी ऐकत नसतो. शेजाऱ्याकडं जुना साधा एएम सीबी असला तरी त्याला तुमचा एसएसबी आवाज बदकासारखा क्वॅक क्वॅक ऐकू येणार, शब्द एक कळणार नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट, म्हणजे धोका पातळीला गेलं की घर सोडायचं असतं, आणि हा माणूस "रेडिओ आहे की" म्हणून माळ्यावर चढून बसला तर? ह्या फॉरवर्डनं एखाद्याचा जीव जाईल, म्हणून एवढं लिहितोय.

२०० किलोमीटरचं काय? एएम, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीत, बरीच ताकद नुसत्या कॅरियरमध्ये, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीत जाते, एसएसबीत तो कॅरियर आणि एक साइडबँड काढून टाकतात, सगळा जोर आवाजावर, म्हणून तेवढ्याच सेटवर एसएसबी लांब जातो. मान्य. पण तो लांबचा आकडा येतो आयनोस्फिअरवरनं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरनं, उडी मारल्यावर, आणि ती उडी सूर्याच्या मर्जीवर. त्यात होतं असं की हजार किलोमीटरवरचा ऐकू येतो आणि मधला दोनशेवरचा येत नाही.

वॅटबद्दल एवढंच, चौपट वॅट केले तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट, म्हणजे सिग्नलच्या मापाचा एक घर, वाढतं. खरा खेळ अँटेनाचा, पाव वेव्ह, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा भाग, म्हटलं तरी २७ मेगाहर्ट्झला जवळपास २.७५ मीटर लांबी होते, ते बोटभर रबरी शेपूट दाखवतात त्यानं काय होणाराय.

तरी हौस असलीच, रेडिओ वाईट वस्तू नाही, तर सेट बघताना क्लॅरिफायर, म्हणजे फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायचं बटण, हळू आणि बारीक फिरतं का बघा, कारण एसएसबीत आवाज त्यानंच जुळवायचा असतो. गरम झाल्यावर फ्रिक्वेन्सी सरकत नाही ना, खरखर दाबणारा नॉइज ब्लँकर आहे का, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी नीट जुळलीय का त्याचं माप) मोजता येतो का, हेही. एक सेट घेऊ नका, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याकडंही एसएसबीच पाहिजे आणि दोघांनी २७ व्या चॅनेलच्या आतच राहायचं. "१० मीटर बँडचा सेट आहे, आम्ही सीबीसाठी उघडून देतो" म्हणणाऱ्याकडनं तर अजिबात नको, तो बँड हॅमवाल्यांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, त्याला परीक्षा देऊन लायसन काढावं लागतं. आणि दुकानदाराला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, दाखव म्हणा. बहुतेक तिथंच सौदा मोडेल.