उभ्या कॅम्परची बॅटरी: फिरत्या सल्ल्यात किती तथ्य?

ठाणे-नवी मुंबईतील कॅम्पर ट्रेलरच्या (गाडीमागे जोडून न्यायच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या) मालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. ट्रेलर काही महिने उभा राहणार असल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, बॅटरी थंडीपासून जपावी, ती फरशीवर नव्हे तर लाकडी फळीवर ठेवावी आणि पाणी उतरल्यास ॲसिड घालावे. मग पुढच्या सहलीपर्यंत तिकडे पाहण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे.

वायर काढणे योग्यच, कारण गॅस अलार्म किंवा ट्रॅकर बंद ट्रेलरमध्येही वीज ओढत राहतात. मात्र लेड-ॲसिड बॅटरी (शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड असलेली नेहमीची बॅटरी) वायर काढल्यावरही आपोआप उतरते. 25 अंश सेल्सियसला महिन्याला साधारण 3 ते 5 टक्के, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. खारघर किंवा घोडबंदर रोडवरील उघड्या पार्किंगमध्ये मे महिन्याचे ऊन खाणाऱ्या ट्रेलरची बॅटरी विसरून कशी चालेल? अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि नंतर कितीही चार्ज केले तरी मूळ क्षमता परतत नाही. म्हणून ठेवण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावे, दर महिन्याला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) लावावा आणि पूर्ण चार्जच्या 12.6 ते 12.7 व्होल्टवरून आकडा 12.4 वर आला की पुन्हा चार्जिंगला लावावी.

थंडीचा मुद्दा बर्फाळ देशांतून जसाच्या तसा उचललेला दिसतो. तिथेही पूर्ण चार्ज बॅटरी उणे 50 अंशांपर्यंत गोठत नाही. गोठते ती उतरलेली बॅटरी. ठाण्यात तर गारवा तिच्या पथ्यावरच पडतो.

फरशी चार्ज खेचते, ही समजूत जुन्या रबरी खोक्यांच्या काळातील आहे. आजची खोकी पॉलिप्रोपिलीनची असतात. फळीने नुकसान काहीच नाही, पण लक्ष झाकणाकडे हवे. पावसाळ्यात तिथे ओलसर धूळ साचते. मल्टीमीटरचे एक टोक पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे त्या धुळीवर टेकवल्यास काही व्होल्ट दिसू शकतात, म्हणजे गळती तिथून होते आहे. बुचे घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने झाकण पुसावे आणि कोरडे करावे.

ॲसिडचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. वरून ॲसिड ओतल्यास द्रावण तीव्र होऊन प्लेटा खराब होतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेही चार्जिंगनंतर; प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच. सीलबंद बॅटरी उघडूच नये.

लिथियम बॅटरीचा संदेशात उल्लेखच नाही. तिला पूर्ण चार्ज करून ठेवणे मानवत नाही. साधारण निम्म्या चार्जवर, सावलीत ठेवावी.