प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे म्हणे!

आज दुपारी एका सुशिक्षित, सुस्थितीतील गृहस्थाने माझ्यादेखत एका बाईंचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. नात्यातील एका वृद्धांचे नुकतेच निधन झाले. ते अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचे सर्व काही करणाऱ्या मावशी आज शेवटचा हिशेब घेण्यासाठी आल्या होत्या. थोरल्या चिरंजीवांनी मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला, महिन्याच्या पगाराला दिवसांनी भागले, मावशींच्या सुट्ट्या वजा केल्या आणि वडील सकाळीच गेल्यामुळे त्या दिवसाचे अर्धेच पैसे होतात, असे अत्यंत शांतपणे सांगितले. त्याच्या आदली अख्खी रात्र त्या बाई म्हाताऱ्याच्या उशाशी बसून होत्या. मला राहवले नाही, मी तसे बोलून दाखवले, तेव्हा उत्तर मिळाले, "प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

हे कुठले तत्त्व, ते मला अजून कळलेले नाही.

काटकसरीविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. जे वृद्ध गेले, ते स्वतः टोकाचे काटकसरी होते. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर ते हिशेब लिहीत, चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधून वापरत, आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही म्हणून पाहुण्यांनाही बोलण्यास कमी करत नसत. लोक त्यांना चिक्कू म्हणत. परंतु ज्याचे देणे लागत असे, त्याला त्यांच्या दारी दुसरी फेरी कधी मारावी लागली नाही. आजारपणात बोलणे जवळजवळ बंद झाल्यावरही महिन्याची एक तारीख उजाडली की मावशींकडे बोट दाखवून पैसे दिले का, असे ते खुणेने मुलाला विचारत. चष्म्याच्या दोऱ्याचा जाच त्यांच्या स्वतःच्या कानाला होत होता, दुसऱ्या कोणाच्या नव्हे. आजच्या हिशेबात जी बचत झाली, ती मात्र सर्वस्वी मावशींच्या जागरणातून झाली.

येथे कोणी म्हणेल की त्या गृहस्थांचा हातच आखडता असेल, स्वभावाला औषध नाही. हे मला अजिबात मान्य नाही. दारात उभी असलेली त्यांची नवी गाडी मी पाहिली आहे. साहेबांना भेटवस्तू देताना, बड्या लोकांसमोर बिल भरण्यासाठी सर्वांत आधी हात पुढे करताना, त्यांना हे तत्त्व कधी आठवले नाही. नामांकित डॉक्टरांची फी त्यांनी ब्र न काढता भरली. त्या डॉक्टरांना, तुम्ही ठरल्यापेक्षा कमी वेळ तपासलेत तेव्हा अर्धेच पैसे देतो, असे सांगण्याची त्यांची छाती झाली असती काय? कद्रूपणाला माणसे बरोबर ओळखता येतात. जो उलट बोलू शकतो त्याच्यासमोर तो उदार होतो, आणि ज्याला उद्याचे काम हवे असते, ज्याला भांडण परवडत नाही, नेमक्या त्याच्यापाशी त्याला पै-पैचा हिशेब सुचतो. काटकसरी माणूस असा भेदभाव करत नाही. तो सगळीकडे सारखाच जपून खर्च करतो आणि सुरुवात स्वतःपासून करतो.

हा गरिबी-श्रीमंतीचा प्रश्नही नव्हे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात ओसिओला मॅकार्टी नावाची एक स्त्री होऊन गेली. सहावीत शाळा सुटली, जन्मभर लोकांचे कपडे धुतले, मोटार कधी घेतली नाही, सगळीकडे पायी हिंडली. १९९५ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी तिने सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला साठवलेल्या पैशांतून दीड लाख डॉलर देऊ केले. दुसऱ्या टोकाला चक फीनी. या उद्योजकाने हयातीतच ८ अब्ज डॉलरहून अधिक संपत्ती वाटून टाकली आणि उतारवयात भाड्याच्या घरात राहिला. पोटाला चिमटा घेणे म्हणजे काय, हे या दोघांनाही ठाऊक होते, फक्त चिमटा स्वतःच्याच पोटाला घ्यायचा असतो, हेही ठाऊक होते.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा निवळला आहे, म्हणून एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. त्या चिरंजीवांचे बालपण ओढगस्तीत गेले. ज्याने लहानपणी फीसाठी वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा भोगली आहे, त्याच्या मनातून पैसे संपण्याची धास्ती सहजासहजी जात नाही, आणि अशा माणसाने शिल्लक पुन्हा पुन्हा मोजली तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. वडिलांच्या जाण्याने तो आतून हलला असेल आणि आकडेमोडीत मन गुंतवत असेल, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. पण ती फी ज्यांनी उधारउसनवारी करून भरली, ते वडीलच पुढे एक तारखेला बोट दाखवत होते. धास्ती तर त्यांनाही होती, मुलापेक्षा कितीतरी जास्त होती. त्यांनी ती कधी कामाच्या माणसाच्या पगारातून वसूल केली नाही.

आणखी एक राहिलेच. ठरलेला पगार बारा तासांचा होता. शेवटच्या काळात मावशी कित्येकदा सोळा-सोळा तास थांबल्या, कारण त्यांना सोडवायला घरचे कोणी वेळेवर येत नसे. त्या वरच्या तासांसाठी कॅल्क्युलेटर उघडल्याचे मला तरी आठवत नाही. हिशेब काटेकोर हवा, हे एकदम मान्य. मग तो दोन्ही बाजूंनी काटेकोर ठेवावा, आणि तसा ठेवला असता तर आज पैसे कापायचे नव्हे, मोजून वर द्यायचे होते. मावशींनी हे बोलून दाखवले नाही. त्यांनी पैसे घेतले, आजोबांची काठी कोणाला नको असेल तर नेऊ का, असे विचारले, आणि चिरंजीव त्यावरही क्षणभर विचार करू लागले!

ज्या मित्रांच्या घरी आज कोणी आजाऱ्याची सेवा करत आहे, त्यांनी माझे एवढे ऐकावे. आजारी माणूस महिन्याच्या कोणत्याही तारखेला गेला तरी त्या महिन्याचा पगार पूर्ण दिला जाईल, हे त्या व्यक्तीला आजच, सर्वांसमक्ष सांगून ठेवावे आणि शक्य तर कागदावर लिहून द्यावे. ऐन वेळी घरातील कोणाला तत्त्वे सुचतील, याचा नेम नाही.