रेषा तुटक का आहे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दलित पँथर चळवळीतले लेखक-संपादक राजा ढाले यांच्या चित्रकलेवरच्या आणि अनियतकालिकांच्या (ठरावीक वेळापत्रकाविना निघणाऱ्या छोट्या मासिकांच्या) अंकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन हरकती घेतल्यात. ढाल्यांना 'चित्रकार' म्हणून मिरवलं की त्यांच्यातला पँथर बोथट होतो, ही पहिली. चक्रमुद्रित (म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेल्या) अंकांतली तुटक, खरखरीत रेषा ही पैशाची चणचण होती, तिला 'शैली' म्हणणं म्हणजे गरिबीचं कौतुक, ही दुसरी. आणि अशा अंकांना छपाईचा कायदा लागू नव्हता हे लेखातलं विधान चूक, ही तिसरी.

तिसरी निमूट मान्य. छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या 1867च्या कायद्यात 'छपाई'च्या व्याख्येतच सायक्लोस्टाइल धरलेलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. मोकळीक होती ती जुळाऱ्यापासून आणि छापखान्याच्या मालकापासून. खिळे जुळवणाऱ्याच्या नजरेखालून मजकूर जातोच, तो बिचकला की काम अडलं. शिवाय चित्र हवं तर झिंकचा ब्लॉक (चित्राचा धातूचा ठसा) करून घ्या, त्याचे पैसे चौरस इंचावर. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर चित्राचा वेगळा खर्च नाही, आणि कापणारा बहुधा लिहिणारा किंवा त्याचा मित्रच.

आता दुसरी. चणचण होती, वाद नाही. पण रेषा तुटक दिसते ती पैशामुळे कमी, मेणामुळे जास्त. स्टेन्सिल म्हणजे लांब धाग्यांचा पातळ कागद, त्यावर मेणाचा थर. टाइप करताना रिबिनीची कळ 'स्टेन्सिल'वर ठेवायची, म्हणजे उघडा खिळा थेट मेणावर आदळतो आणि तिथलं मेण बाजूला सरतं. त्या वाटेने ड्रममधली (यंत्राच्या फिरत्या नळकांड्यातली) शाई खालच्या कागदावर उतरते. हाताने काढायचं तर स्टायलस, म्हणजे टोकदार धातूची लेखणी, लागतो. तो दाबला कमी तर रेषा उमटत नाही, जास्त दाबला तर धागाच तुटतो.

देवनागरीत इथे खरी गोम आहे. 'ठ', 'व', 'ब' यांची गाठ (अक्षरातलं बंद वर्तुळ) पूर्ण बंद कापली तर आतला तुकडा सुटून येतो आणि छापताना तिथे काळा ठिपका पडतो. शिरोरेषा एका दमात ओढली तर तिथे लांब चीर पडते, आणि ड्रमवर ताणलेला कागद नेमका तिथेच फाटतो. म्हणून जाणता हात शिरोरेषा अक्षराअक्षराला तोडतो, गाठीत केसभर फट ठेवतो. मोठा काळा भाग भरायचा तर जाळी काढायची किंवा ठिपके द्यायचे. सलग खरवडलं की भोक पडतं, शाईचं थारोळं होतं. चूक झाली तर दुरुस्तीचं द्रावण पातळ लावायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाई केली तर स्टायलसला चिकटून पापुद्रा निघतो.

आणि मुंबईचा पावसाळा! ही शाई वाळते ती कागदाने शोषल्यामुळे. दमट कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन ओढले जातात, मधलं पान कोरं निघतं. गुळगुळीत कागद वापरला तर वरच्या पानाच्या पाठीवर डाग पडतात. पाठपोट छापायचं तर पहिली बाजू वाळेपर्यंत थांबायलाच हवं.

तेव्हा 'खरखरीत' म्हणजे नेमकं काय, हे पानागणिक पाहावं लागेल. शिरोरेषेतली फट समान अंतराने आली असेल तर ती ठेवलेली आहे. फाटलेली असेल तर कडा दातेरी दिसते आणि पुढच्या प्रतीत ती वाढत जाते. पहिली कसबाची खूण, दुसरी अपघाताची. माझ्या लेखात दोन्हींना एकच विशेषण लावलं, तो आळस. पण तुम्हीही दोन्हींना 'गरिबी' म्हणून एकाच पोत्यात घातलंत.

पहिल्या हरकतीला थोडक्यात उत्तर. 1972मध्ये मुंबईत दलित पँथर उभी करणाऱ्यांत ढाले होते. त्याच वर्षी 15 ऑगस्टच्या 'साधना' साप्ताहिकाच्या अंकातल्या त्यांच्या लेखाने महाराष्ट्र ढवळून निघाला. त्याआधीपासून हा माणूस 'येरू'सारख्या अनियतकालिकांत रमलेला, अंक कसा दिसावा याचं भान असलेला. पुढे 'विद्रोह', 'धम्मलिपी' ही त्यांची नियतकालिकं. संपादन, अक्षर, चित्र आणि चळवळ अशी खाती त्यांनी वेगळी ठेवली नव्हती, ती आपण का पाडायची?

तुमच्याकडे काही जुने अंक आहेत असं शेवटी लिहिलंत. कृपया लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नको. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. गंजलेल्या पिना ओढू नका, मागून टोकं सरळ करून अलगद काढा. स्कॅन 600 डीपीआयला, रंगीत करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात शाईचा फिका भाग गळतो आणि वर सांगितलेली ती फट नेमकी बुजते. पाठीमागची शाई उमटत असेल तर पानाखाली काळा कागद ठेवा. कोरी निघालेली पानंही स्कॅन करा.