पेच आणि कुचंबणा

निवृत्त शिक्षकाला कोणी बोलायला बोलावले की त्याने विषय विचारायचा असतो, वेळ विचारायची नसते, हा नियम मी गेली सहा वर्षे निष्ठेने पाळत आलो आहे. उच्च माध्यमिक विद्यालयात बत्तीस वर्षे मराठी शिकवताना माझा एकही तास घंटेपूर्वी संपला नाही आणि घंटेबरोबरही क्वचितच संपला. पुढच्या तासाचे गणिताचे शिक्षक दाराबाहेर येऊन खाकरले की समारोपाला लागायचे, एवढेच माझे वेळापत्रक होते. त्यामुळे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयाच्या वर्धापनदिनी खाजन शेतीवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर, बोलण्याचे निमंत्रण घेऊन कार्यकारिणीतला एक तरुण, माझाच जुना विद्यार्थी, घरी आला आणि "सर, तुम्हाला ६ मिनिटे ४० सेकंद आहेत," असे म्हणाला, तेव्हा ही प्रास्ताविकाची वेळ असावी असे समजून मी मान डोलावली.

ती अख्ख्या भाषणाची वेळ होती. यंदा पाचही वक्त्यांनी 'पेचाकुचा' पद्धतीने बोलायचे, असा ठराव तरुण मंडळींनी म्हणे बहुमताने संमत करून घेतला होता. पडद्यावर मोजून २० चित्रे, प्रत्येक चित्र बरोबर २० सेकंद. मग ते आपोआप बदलणार, थांबवता येणार नाही, मागे नेता येणार नाही, आणि वक्त्याला मध्येच पाणी प्यायचे असेल तर तेही त्याने चित्राच्या हिशेबात प्यायचे. २० गुणिले २० म्हणजे ४०० सेकंद. मी आयुष्यभर ज्या गणिताच्या शिक्षकांना दाराबाहेर उभे केले, त्यांचा हा सूड असावा अशी मला दाट शंका आली.

विद्यार्थ्याने मला या पद्धतीचा इतिहासही ऐकवला. अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुविशारदांनी फेब्रुवारी २००३ मध्ये टोकियोत ती सुरू केली. वास्तुविशारदाच्या हाती माइक आणि चित्रे एकदम दिली की तो आटपता आटपत नाही, हे स्वतः त्याच धंद्यातले असल्यामुळे त्यांना नीट ठाऊक होते. त्या जपानी शब्दाचा अर्थ नुसता 'बडबड' किंवा 'गप्पाटप्पा' असा आहे; मराठीत मात्र 'पेच' आणि 'कुचंबणा' यांचा तो सामासिक शब्द असून कोणत्याही कोशाच्या मदतीविना मला त्याचा विग्रह करता येतो. याहून कडक प्रकारही आहेत, असे तो दिलासा दिल्यासारखे म्हणाला. सिअ‍ॅटलला २००६ साली निघालेल्या 'इग्नाइट'मध्ये चित्रे २०च, पण प्रत्येकाला १५ सेकंद; आणि क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेत तर संशोधकाने आपला सगळा प्रबंध एका स्थिर चित्रावर ३ मिनिटांत सांगायचा. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना प्रबंधाचे शीर्षक सांगायलाच तेवढा वेळ लागतो.

खाजनावरचे माझे जुने सादरीकरण तयारच होते. त्यात ६३ स्लाइड होत्या, प्रत्येकीवर चौदा-पंधरा ओळी होत्या, आणि त्या सर्व ओळी श्रोत्यांकडे पाठ करून मी खणखणीत आवाजात वाचत असे. त्यातल्या ४३ स्लाइड काढायच्या म्हणून मी रात्री जेवल्यानंतर बसलो आणि दोन तासांत तीन काढल्या. सौभाग्यवती मागून डोकावून म्हणाल्या, "अहो, मासळी साफ करताना जे काढून टाकायचे असते, तेच तुम्ही शिजवत बसला आहात." मी हे सादरीकरण आजवर पाच ठिकाणी वाढले होते, हा विचार तेव्हा मनात आला आणि पुढची छाटणी आपोआप झाली.

तांत्रिक भाग कन्येने सांभाळला. पॉवरपॉइंटमध्ये 'ट्रान्झिशन्स' या सदराखाली 'आफ्टर'समोर २० सेकंद भरायचे, 'ऑन माउस क्लिक'च्या चौकटीतली खूण काढून टाकायची आणि ते सगळ्या स्लाइडना लागू करायचे, एवढेच काम होते. "बाबा, ती खूण काढायला विसरू नका, नाहीतर चुकून माउसचे बटण दाबले की चित्र आधीच पुढे जाईल," असे तिने बजावले होते. तिने बजावले होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

खरी अडचण निघाली ती मराठीची. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि वाक्य जितके घरंदाज तितके ते उशिरा येते. पहिल्या तालमीत मी म्हणालो, "गोव्याच्या नद्यांच्या मुखांकडील सखल भागांत, जिथे भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते तिथे, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी, माती, गवत आणि दगड यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी अपार कष्टाने" आणि चित्र बदलले. 'जमीन कमावली' हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तेव्हा पडद्यावर टोपलीभर कोळंबी होती. पुढच्या वाक्यातली कोळंबी जाऊन कोरगुट भाताच्या लोंब्यांना चिकटली, त्या लोंब्या बांधाच्या दुरुस्तीवर गेल्या, आणि विसाव्या चित्रापर्यंत माझे सर्व कर्ते आपापल्या क्रियापदांपासून कायमचे दुरावले. कन्येने वाक्ये तोडून दिली: "पूर्वजांनी बांध घातले. भरती अडली. शेत झाले." मी म्हणालो, "ही तार आहे, मराठी नव्हे." ती म्हणाली, "बाबा, तार वेळेवर पोचायची."

मी एक पळवाटही शोधली. मानशीचे चित्र मी सात, आठ आणि नऊ अशा तीन क्रमांकांवर लागोपाठ टाकले, म्हणजे त्या एका चित्रापुरती मला साठ सेकंदांची ऐसपैस ओसरी मिळाली. मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिच्या लाकडी फळ्या मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने त्या उघडतात आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. हे वीस सेकंदांत सांगणे मला मानशीचा अपमान वाटला. शिवाय तीही ठरल्या वेळी कोणासाठी न थांबता बंद होते, याचा त्या दिवसांत मला थोडा रागही येत होता.

घरात कोणी ऐकेना, म्हणून उरलेल्या तालमी मी दुर्भाट-रासई फेरीबोटीत केल्या. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, वारा छान असतो, आणि कठड्याशी उभे राहून घड्याळ लावून पुटपुटता येते. मात्र माझे अकरावे चित्र यायच्या आत पलीकडचा धक्का यायचा, त्यामुळे उरलेले भाषण परतीच्या फेरीत करावे लागे. तिसऱ्या दिवशी टोपलीवाल्या एका वयस्क बाईंनी काळजीने विचारले, "सर, कोणाकडेन उलयतात तुमी (कोणाशी बोलता तुम्ही)?" मी भाषणाची तालीम असल्याचे सांगितले. त्यांनी शांतपणे टोपली उचलली आणि त्या बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

कार्यक्रमाची वेळ चारची होती. सुरुवात पावणेपाचला झाली. वाऱ्याने वात विझते म्हणून दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करण्यात आले आणि नंतर ते लावायचे सगळेच विसरले. स्वागतगीत झाले. अध्यक्षांनी प्रास्ताविकात वाचनालयाची स्थापना, पहिले कपाट, दुसरे कपाट आणि इमारतीची गळती या क्रमाने इतिहास उलगडला. मग सत्कार झाले, आणि प्रत्येक शाल घालताना छायाचित्रकाराला हवी तशी येईपर्यंत ती दोनदा काढून पुन्हा घालण्यात आली. शेवटी वक्त्यांचा परिचय. माझा परिचय मी घड्याळ लावून ऐकला: तो नऊ मिनिटे चालला, म्हणजे ज्या भाषणासाठी मला बोलावले होते त्याहून दोन मिनिटे वीस सेकंद अधिक. पाच वक्त्यांची भाषणे मिळून चौतीस मिनिटे होणार नव्हती, पण त्यांच्यापर्यंत पोचायला सत्तर मिनिटे लागली. या सत्तर मिनिटांना २० सेकंदांचा नियम का नाही, असे मी शेजारच्या वक्त्याला विचारले. तो आपल्या वाक्यांतली क्रियापदे मोजत बसला होता.

मी उभा राहिलो आणि पहिले चित्र झळकले. "सन्माननीय व्यासपीठ, मंचावर उपस्थित आदरणीय अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सदस्य आणि समोर बसलेल्या रसिक बंधुभगिनींनो" एवढे मी बोललो आणि दुसरे चित्र आले. बत्तीस वर्षांची सवय ४०० सेकंदांच्या धाकाने जात नाही. एका चित्राची ती पिछाडी भरून काढण्यासाठी मी फेरीबोटीलाही मागे टाकील अशा वेगाने बोलू लागलो, आणि या घाईत माझा अंगठा जुन्या सवयीने हातातल्या बिनतारी माउसवर पडला. चित्र पुढे गेले. सर्वांना एव्हाना कळले असेलच की खूण काढायची राहिली होती. घाबरून मी पुन्हा बटण दाबले, तेव्हा तेही पुढेच गेले. आता बांधाचे वर्णन चालू असताना पडद्यावर मासळीचा लिलाव होता, आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ दोहोंचा संबंध लावण्याच्या प्रयत्नात चष्मा काढून पुसत होते.

तेवढ्यात मानस आली. मी माउस टेबलावर ठेवला. ओळीने साठ सेकंद तेच चित्र राहणार होते. मी एक दीर्घ श्वास घेतला, भरतीचे सांगितले, ओहोटीचे सांगितले, आणि चाळीस सेकंदांत मानस संपली. उरलेल्या वीस सेकंदांत सांगायला माझ्याकडे काहीच नव्हते. शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी माणसांसमोर उभा राहून गप्प होतो, आणि आश्चर्य असे की माणसे चित्राकडे पाहत होती. मागच्या बाकांवरून कोणीतरी हलक्या आवाजात "ही आमचीच मानस" असे म्हणाले आणि दोन-तीन माना तिकडे वळल्या.

पुढचे काय झाले ते मला नीट आठवत नाही. विसावे चित्र गेले, पडदा काळा झाला आणि 'स्लाइड शो संपला, बाहेर पडण्यासाठी क्लिक करा' अशा अर्थाची सूचना इंग्रजीत झळकली, तेव्हा माझा कर्ता नुकताच कर्मापाशी पोचला होता. टाळ्या पडल्या. क्रियापद मी खाली बसल्यावर मनातल्या मनात उच्चारले. त्यानंतर आभारप्रदर्शन झाले. ते बावीस मिनिटे चालले आणि कोणतेही चित्र बदलले नाही.

चहाच्या वेळी मागच्या बाकावरचे ते गृहस्थ माझ्यापाशी आले. खाजनातच त्यांचे आयुष्य गेले होते. "सर, मानशीचे तुम्ही बरे सांगितले, पण थोडक्यात सांगितले," असे म्हणून त्यांनी माझा हात धरला. फळ्यांना कोणते लाकूड टिकते, खेकडे बांध कसा पोखरतात, अमावास्येच्या भरतीला रात्री कंदील घेऊन कोण जायचे, हे सर्व ते हातात एकही चित्र नसताना पाऊण तास सांगत राहिले. त्यांचे एक वाक्य विहिरीच्या कट्ट्यावर सुरू झाले ते फाटकापाशी संपले. माझ्याजवळ एक शंका होती. ती विचारण्यासाठी मी तीनदा तोंड उघडले, परंतु प्रत्येक वेळी
"थांबा सर, मुद्दा अजून यायचा आहे," असे म्हणून त्यांनी माझ्या बशीत आणखी एक भजे ठेवले.