रेंडांग म्हणजे रस्सा नव्हे
तुमचा लेख आवडला पण त्यात रेंडांग या पदार्थाला नारळाच्या दुधातला बीफचा रस्सा म्हटलंय ते मात्र पटलं नाही. मी सात वर्षं मलेशियात क्वालालंपूरला एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो, आता मिरजेत असतो, म्हणून लिहितोय. रेंडांग मूळचं इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. पातळ असताना त्याला गुलाई म्हणतात, आटून दाट झालं की कालिओ, आणि पार कोरडं होऊन काळपट तपकिरी झालं की मगच रेंडांग. तीन-चार तास मंद आच लागते, शेवटी नारळाच्या दुधाचं तेल सुटतं अन मांस त्या तेलातच परतलं जातं, तेव्हा कडेनं हलवत राहायचं नाहीतर बुडाला धरतंच. मलेशियात तर त्यात भाजून वाटलेलं खोबरंही घालतात, वास अगदी आपल्या वाटणासारखा येतो, मला पहिल्यांदा आला तेव्हा घरची लई आठवण आली होती.

आणि कुकरला शिट्ट्या द्या हे कृपया सांगू नका. मऊ होईल पण आटणार कुठून? पायाकडचं चिवट मांस घ्या, त्यातल्या शिरा हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, सगळी मजा त्यातच आहे. आपल्याकडे गाईचं आधीपासूनच आणि बैलाचंही २०१५ पासून बंद आहे त्यामुळे मी म्हशीचं वापरतो, त्याला चरबी कमी म्हणून नारळाचं दूध थोडं जास्त घालतो आणि तासभर जादा ठेवतो. हळद मात्र सांगलीचीच. बकऱ्याचं घेतलं तर आधी शिजतं, तेव्हा दूध अर्धं आटल्यावरच तुकडे सोडा.