पाच पॉइंट एक पॉइंट दोन आणि तात्या

परवा रविवारी माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच पैशाने आणलेल्या होम थिएटरसमोर, दुकानातून आलेल्या विशीतल्या मुलाने मला "सर, थोडा वेळ श्वास जरा हळू घ्या" असे सांगितले. माझा श्वास म्हणे मायक्रोफोनला ऐकू येत होता. वडिलोपार्जित घरात माणसाला निदान श्वास तरी स्वतःच्या मर्जीने घेता यावा, अशी माझी आजवर समजूत होती, आणि ती अशी एका वाक्यात निकालात निघाल्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

सामान असे होते: समोर तीन आणि मागे दोन मिळून पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छताकडे तोंड करून आवाज वर फेकणारे आणखी दोन स्पीकर. सोफ्याच्या मधोमध, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तिकाटण्यावर एक मायक्रोफोन उभा केलेला. यंत्र एकेका स्पीकरमधून "हूऽऽप" असा चढत जाणारा सूर काढते, मायक्रोफोन तो ऐकतो, आणि कोणता स्पीकर किती लांब आहे, कोणाचा आवाज किती वाढवायचा आणि खोलीच्या भिंती त्यात किती घोळ घालतात याचा हिशेब यंत्र आपला आपण मांडते. या सगळ्यासाठी घरात पूर्ण शांतता लागते. रविवारी सकाळी, सांगलीच्या गावभागात, पूर्ण शांतता! कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासून, भंगारवाला ओरडला की पहिल्यापासून, समोरच्यांच्या पोराने गाडीची किक मारली की पुन्हा पहिल्यापासून. इथून दहा-बारा किलोमीटरवर मिरजेत सतारमेकर गल्लीतले कारागीर भर रहदारीच्या गल्लीत बसून, तारेखाली दोरा सरकवत, तंबोऱ्याची जवारी नुसत्या कानाने लावतात. ते कोणाला श्वास आवरायला सांगत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्या "हूऽऽप"च्या आवाजानेच तात्या आले. तात्या आमच्या सामाईक भिंतीपलीकडचे शेजारी. उभे आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेलेले, आणि निवृत्तीनंतर समोर येईल त्या वस्तूचे वजन, भाव आणि खोट काढण्यात रमलेले.

"डॉल्बी आणली म्हणं?" चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारले. "परवानगी काढलीय का? का आमच्या नावावर गुन्हा नोंदवून घेताय?"

त्यांचे घाबरणे अगदीच अस्थानी नव्हते. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात डॉल्बी म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंत, जी चौकात आली की खिडक्यांच्या काचा आणि म्हाताऱ्यांची छाती एका तालात हलू लागते आणि जिच्या विरोधात पोलिसांना दरवर्षी बैठका घ्याव्या लागतात. ज्या रे डॉल्बी यांचे हे नाव, त्यांनी 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवण्यात ज्याने हयात वेचली, त्याचे नाव आमच्या जिल्ह्यात नेमके कशाला चिकटले आहे हे त्याला कोणी कळवले नसेल तर बरेच झाले.

"काका, ही तसली नाही. हे डॉल्बी ॲटमॉस. फाइव्ह पॉइंट वन पॉइंट टू," मुलगा म्हणाला. तात्यांसमोर आकडा उच्चारण्याचा काय परिणाम होतो, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. तात्या सोफ्यावर, थेट मायक्रोफोनच्या शेजारी बसले.

"पाच कळले. हे पॉइंट एक काय?"

"तो सबवूफर, काका. कोपऱ्यातला."

"तो तर अख्खा एक दिसतोय. त्याला पॉइंट का लावला?"

"त्याच्यातून फक्त खालचे, जड आवाज येतात. साधारण एकशेवीस हर्ट्झपर्यंतचे. म्हणून त्याला पूर्ण एक धरत नाहीत."

"म्हणजे घट धरली."

"तसंच समजा."

"आणि पैसे? ते पण पॉइंट एकचेच घेतले?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी सबवूफरकडे पाहू लागलो.

"म्हणजे माल तोलताना पॉइंट एक आणि बिल करताना अख्खा एक," तात्या शांतपणे म्हणाले. "आमच्या पेठेत असं केलं असतं तर शेतकऱ्यानं पोतं डोक्यात घातलं असतं. बरं, पुढचे पॉइंट दोन? ते पण घटीतलेच?"

"नाही काका, ते पूर्ण दोन आहेत. वरचे."

"पूर्ण आहेत तर पॉइंट कशाला?"

इथे मी मध्ये पडलो. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा डोक्यावरून आवाज आणणाऱ्या स्पीकरांचा, आणि मधले टिंब हे दशांशाचे नसून नुसते वेगळेपण दाखवण्यापुरते आहे, असे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. ओली हळद वाळलेली म्हणून खपवू पाहणाऱ्याकडे पाहावे तसे तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "मघाशी घट होती, आता नुसतं टिंब झालं," एवढेच ते म्हणाले. तेवढ्यात टीव्हीच्या पडद्यावर, आजूबाजूला फार आवाज असल्याने मोजमाप होऊ शकत नाही, अशा अर्थाची सूचना उमटली. यंत्राने तात्यांना ओळखले होते.

तात्यांचा खरा प्रश्न पुढे होता. "हे वरचे दोन आवाज मारणार कुठं?"

"छतावर, काका. आवाज छतावर आपटून खाली येतो, म्हणजे वरूनच आल्यासारखा वाटतो."

"छत कुठाय?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिले. वर मंगलोरी कौले होती. दोन्ही बाजूंना उतरती, मधल्या आढ्यापासून भिंतीपर्यंत चांगला उतार असलेली, आणि दोन-चार फटींतून सकाळचे ऊन आत सोडणारी. वर फेकलेला आवाज परत खाली आणायला छत सपाट आणि टणक लागते, साडेसात ते बारा फुटांच्या दरम्यान असले तर उत्तम, हे मी रात्री माहितीपुस्तिकेत वाचले; दुकानात याचा उच्चारही झाला नव्हता. दुकानात मला कार्ड कोणते, हप्ते किती, वाढीव वॉरंटी हवी का, जुना सेट बदलून देणार का, हे सगळे अत्यंत आस्थेने विचारण्यात आले. ज्या वस्तूचे निम्मे कौतुक छतावर अवलंबून आहे ती विकताना, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर छत आहे की कौले, हे विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही. या शहराच्या जुन्या भागात आजही किती घरे कौलारू आहेत, हे दुकानाच्या गच्चीवर उभे राहिले तरी दिसते. पण दुकानाच्या डेमोच्या खोलीत गालिचा होता, जाड पडदे होते, सपाट पांढरे छत होते आणि त्यावरून हेलिकॉप्टर असे काही फिरत होते की मी मान खाली घातली.

"सर, स्लॅब असता तर इफेक्ट आला असता," मुलगा म्हणाला. "फॉल्स सीलिंग करून घ्या. माझा मित्र करतो." त्याने मित्राचा नंबर दिला आणि माझी सही घेऊन तो निघून गेला.

तत्त्व म्हणून हे तंत्रज्ञान सुरेख आहे, हे मला मान्यच करावे लागेल. 2012 साली चित्रपटगृहांत आणि 2014 पासून घरांत आलेल्या या पद्धतीत आवाज अमुक स्पीकरला बांधलेला नसतो. पाऊस कुठे पडतो, पाखरू कुठून कुठे उडते याची जागाच नोंदवलेली असते आणि समोर असतील त्या स्पीकरांतून ती जागा उभी करणे हे यंत्राचे काम. चित्रपटगृहात असे एकशेअठ्ठावीसपर्यंत आवाज एका वेळी हाताळता येतात. आमच्याकडे हे पाखरू स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले आणि कौलांच्या फटीतून बाहेर गेले असावे. आईची तक्रार याहून साधी आहे. केबलवरून येणाऱ्या मालिकेचा आवाज मुळात दोनच वाटांचा. हे यंत्र त्याचे पाच-सात वाटे करून खोलीभर पसरवते. मालिकेत दाराची बेल मागच्या उजव्या स्पीकरमधून वाजली आणि आई उठून दार उघडून आली. बाहेर कोणी नव्हते, आणि तोवर मालिकेत आलेला पाहुणा काय बोलला ते तिला कळले नाही. त्याचा दोष ती मला देते.

दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा आले. "रात्री तुम्ही लढाईचा सिनेमा बघितला."

"ऐकू आला का?"

"ऐकू नाही. फडताळातली भांडी बोलत होती. काकू उठून बसल्या, भूकंप म्हणून."

आता यात माझा काय उपाय? चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला आमची सामाईक भिंत कशी अडवणार? असा आवाज कुठून येतो हेही कानाला उमगत नाही, त्यामुळे काकूंना तो थेट जमिनीतून आल्यासारखा वाटला असल्यास ते शास्त्राला धरूनच आहे. मी हे सगळे सांगितले. तात्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचा तो पॉइंट एक आमच्याकडं पूर्ण एक येतो. तुमच्याकडं काय राहतं मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी मग भावे नाट्यमंदिरातल्या संगीत नाटकांची आठवण काढली. आवाज समोरून यायचा, मागून फक्त शेंगा फोडल्याचा यायचा, आणि पैसे एकदाच द्यावे लागायचे.

ते बसलेले असतानाच दुकानातून फोन आला. एक बाई अतिशय गोड आवाजात विचारत होत्या की जोडणीच्या सेवेबद्दल मी पाचपैकी किती गुण देईन. मी कौलांचा विषय काढताच त्यांनी तो "नोंदवून घेतला" आणि पुन्हा गुण विचारले. फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत तात्या पुढे झुकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पॉइंट एक लिहा."

"सॉरी सर," बाई म्हणाल्या, "पूर्ण आकडाच घेता येतो."

"मग बिलाला बरा घेतला!" तात्या म्हणाले. तोवर फोन बंद झाला होता.